मेडिकलमध्ये मिळते, मैदानावर चालत नाही : उत्तेजक द्रव्ये आणि कायदा, नवख्या खेळाडूंसाठी मार्गदर्शक

आमची मुलगी पंधराशे मीटर धावते. तीन वर्षांपूर्वी एका राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धेला आठ दिवस उरलेले असताना तिला खोकला झाला. घराजवळच्या डॉक्टरांनी तपासून कफ सिरप लिहून दिले आणि मी ते नाक्यावरच्या मेडिकलमधून रीतसर बिल करून आणले. रात्री जेवणानंतर चमचा भरायच्या आधी तिने बाटलीचा फोटो काढून क्लबमधल्या थोरल्या मुलीला पाठवला, आणि दोन मिनिटांत मला फोन आला, "काका, एक थेंबही देऊ नका." मी चष्मा लावून, बाटली ट्यूबलाइटखाली तिरकी धरून, लेबलवरची ती मुंगीएवढी अक्षरे वाचली : प्रत्येक ५ मिलीमध्ये टर्ब्युटालिन सल्फेट १.२५ मिग्रॅ, ब्रोमहेक्झिन ४ मिग्रॅ, ग्वायफेनेसिन ५० मिग्रॅ. यातले पहिले नाव जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, यादीत बाराही महिने प्रतिबंधित आहे.

डॉक्टरांनी काही बेकायदा केले नव्हते, दुकानदाराने केले नव्हते आणि मीही केले नव्हते. तरीही ते दोन चमचे तिच्या पोटात गेले असते आणि नमुना घेतला गेला असता, तर पुढची काही वर्षे पणाला लागली असती. मुंबईचा फलंदाज पृथ्वी शॉ याच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी दिलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले, ते खोकल्याच्या औषधातून नकळत गेल्याचे त्याचे म्हणणे क्रिकेट मंडळाने मान्यही केले, आणि तरी त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. त्या रात्रीनंतर मी कायदा, नियम आणि अर्ज यांच्या मागे लागलो. त्या धडपडीतून जे हाती लागले ते पायरीपायरीने पुढे मांडतो.

१. दोन वह्या वेगळ्या ठेवा

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, "हे कायदेशीर आहे का?" या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण इथे दोन स्वतंत्र वह्या आहेत. पहिली वही दुकानाची : औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालचे १९४५ चे नियम. औषध कोणी बनवायचे, कोणी विकायचे आणि कोणाच्या चिठ्ठीवर विकायचे, हे त्यात ठरते. दुसरी वही मैदानाची : वाडाची जागतिक संहिता, तिची दर वर्षी १ जानेवारीला लागू होणारी प्रतिबंधित यादी, आणि भारतात त्यांना कायद्याचे बळ देणारा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा, २०२२. हा कायदा राबवणारी संस्था म्हणजे नाडा. ती २००५ साली स्थापन झाली होती, पण तिला स्वतंत्र कायद्याचा आधार २०२२ मध्ये मिळाला.

या दोन वह्या एकमेकींना विचारून लिहिलेल्या नाहीत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध दुकानात कडक नियंत्रणाखाली आहे, त्याच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. मैदानाच्या यादीत मात्र कोडीन गेली अनेक वर्षे प्रतिबंधित नसून फक्त देखरेखीखाली आहे. उलट, रक्तदाबासाठी लाखो लोक रोज घेतात त्या टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांच्या एकत्र गोळीतला दुसरा घटक मैदानावर कायम प्रतिबंधित आहे. भांगेचे उदाहरण तर आपल्याकडे दर होळीला समोर येते. अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती असल्याने नुसती पाने तिच्याबाहेर राहतात, पण स्पर्धेच्या काळात लघवीत त्या झाडाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला तर नाडा पाने आणि फुले असा भेद करत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. २०२२ च्या कायद्यात खेळाडूला तुरुंगवासाची शिक्षा नाही. त्यात निकाल रद्द होणे, पदक, गुण आणि बक्षिसाची रक्कम परत जाणे, खेळण्यावर बंदी, आर्थिक दंड आणि नाव जाहीर होणे, अशा शिक्षा आहेत. "जेल होत नाही ना, मग बघू" असे म्हणणारी मुले मी पाहिली आहेत. शासकीय नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी ज्या पदकावर भिस्त ठेवलेली असते, तेच पदक काढून घेतले गेले की हातात काय उरते, याचा विचार त्या मुलांनी केलेला नसतो.

२. दुकानाची वही : गुन्हा कोणाचा ठरतो

टेस्टोस्टेरॉन, नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलोल ही स्टेरॉइड भारतात औषधे म्हणून अस्तित्वात आहेत आणि ती शेड्यूल एच या परिशिष्टात मोडतात. अशा औषधाच्या वेष्टनावर 'आरएक्स' हे चिन्ह असते आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याची सूचना छापलेली असते. ती चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर तारीख, सही, रुग्णाचे नाव-पत्ता आणि मात्रा हवी. स्वतःच्या आजारासाठी अशी चिठ्ठी असलेला माणूस पूर्णपणे कायद्याच्या आत असतो.

कायद्याचा खरा रोख विकणाऱ्यावर आहे. परवाना नसताना औषध विकणे किंवा विक्रीसाठी साठवणे यासाठी कलम २७ खाली किमान तीन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे, शिवाय किमान एक लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढा दंड. बनावट औषध देऊन कोणाचा जीव गेला किंवा गंभीर इजा झाली, तर शिक्षा किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. जिमच्या लॉकरमधून 'कोर्स' विकणारा ट्रेनर या कलमांत सरळ बसतो. त्याच्यासाठी कुरिअर उचलून आणणारा, पैसे गोळा करून देणारा उत्साही पोरगाही "मी तर फक्त आणून दिले" म्हणून सुटत नाही.

मेफेन्टरमाइन सल्फेटच्या इंजेक्शनबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण आपल्या राज्यात जिम आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचलेले हे द्रव्य आहे. मुळात हे शस्त्रक्रियेच्या वेळी, विशेषतः पाठीच्या कण्यात भूल दिल्यावर खाली येणारा रक्तदाब सावरण्यासाठी भूलतज्ज्ञांच्या हाती असलेले औषध आहे. सोळाशे मीटर धावण्याआधी ते टोचून घेतले की दम लागत नाही, अशी समजूत मैदानांवर पसरलेली आहे. दम लागल्याची जाणीव दाबली जाते हे खरे, पण हृदयावरचा भार तसाच वाढत राहतो, आणि तो किती वाढला हे सांगणारी घंटाच बंद केलेली असते. अशा विक्रीच्या प्रकरणांत पोलीस औषध कायद्याबरोबर भारतीय न्याय संहितेचे कलम १२३ लावतात, ज्यात विषारी किंवा गुंगी आणणारे द्रव्य देऊन इजा करण्यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद आहे. वाडाच्या यादीतही मेफेन्टरमाइन उत्तेजकांच्या अधिक गंभीर गटात आहे, म्हणजे नोंदणीकृत खेळाडूच्या बाबतीत बंदीची गणती चार वर्षांपासून सुरू होते.

परदेशातून स्वतःसाठी औषध मागवायचे असेल तर ते खऱ्या वैयक्तिक वापरासाठी हवे, चिठ्ठी हवी, सीमाशुल्क खात्याला विचारल्यास जाहीर करायला हवे आणि मात्रा सरासरी शंभर डोसांपेक्षा जास्त नसावी. त्यासाठी फॉर्म १२-ए भरून परवानगी घ्यावी लागते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक २०१८ पासून एनडीपीएस कायद्याखाली आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात वाडानेही त्यावर बंदी घातली आहे. दोन्ही वह्यांत सापडणारे असे औषध "पाय दुखतोय, एक घे" म्हणून कोणी हातावर ठेवले तर ते तिथेच परत द्यावे.

३. मैदानाची वही : जबाबदारी पूर्णपणे तुमची

या वहीचा पाया एकाच तत्त्वावर उभा आहे : शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. ते कसे गेले, कोणी दिले, मुद्दाम घेतले की चुकून, हे प्रश्न शिक्षा किती हे ठरवताना येतात. नियमभंग झाला की नाही हे ठरवताना येत नाहीत. महाराष्ट्र केसरीची गदा सलग तीनदा जिंकलेल्या नरसिंग यादवचे प्रकरण आठवा. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकआधी त्याच्या नमुन्यात मेथॅन्डाइनोन हे स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, हा त्याचा बचाव नाडाच्या समितीने १ ऑगस्टला मान्य केला, पण वाडाने अपील केले आणि १८ ऑगस्टला क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. घातपात झाला असे म्हणणे वेगळे आणि ते पुराव्याने सिद्ध करणे वेगळे. ते सिद्ध करण्याचे ओझे खेळाडूवर असते.

यादीत द्रव्यांचे गट आहेत, आणि काही द्रव्ये सदैव तर काही फक्त स्पर्धाकाळात प्रतिबंधित असतात. स्टेरॉइड, वाढीची संप्रेरके, लघवी वाढवणारी औषधे ही सदैव. बहुतेक उत्तेजके, अमली वेदनाशामके, भांग-गांजा आणि तोंडाने किंवा इंजेक्शनने घेतलेली कॉर्टिकोस्टेरॉइड ही स्पर्धाकाळात. स्पर्धाकाळ सामन्याच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो.

शिक्षेचे गणित ढोबळमानाने असे आहे. गंभीर गटातल्या, म्हणजे स्टेरॉइडसारख्या, द्रव्यासाठी चार वर्षे, आणि ते मुद्दाम घेतले नाही हे खेळाडूने सिद्ध केले तर दोन. ज्यांना 'निर्दिष्ट' द्रव्ये म्हणतात, आमचे टर्ब्युटालिन त्यांतलेच, त्यांच्यासाठी दोन वर्षे, आणि नाडाने मुद्दामपणा सिद्ध केला तर चार. चूक किती कमी, त्यावर ही शिक्षा ताकिदीपर्यंतही खाली येऊ शकते. नमुना देण्यास नकार देणे किंवा पळून जाणे यासाठीही मूळ शिक्षा चार वर्षांचीच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेत नाडाचे अधिकारी आल्याची कुणकुण लागताच शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू उरला होता. हे ऐकून मैदानावर लोक हसतात. मला मात्र त्या बाकीच्या मुलांच्या घरच्यांचे चेहरे दिसतात.

प्रशिक्षक, डॉक्टर, मालिशवाला, मॅनेजर हे सगळे याच नियमांखाली येतात. द्रव्य पुरवणे किंवा खेळाडूला देणे यासाठी चार वर्षांपासून आजीवन बंदीपर्यंत शिक्षा आहे. बंदी भोगत असलेल्या प्रशिक्षकाकडे शिकणे हादेखील खेळाडूचा नियमभंग ठरू शकतो, हे बहुतेक पालकांना ठाऊकच नसते.

४. कोणतेही औषध घेण्याआधीची तपासणी

डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिले वाक्य हे असावे : "मी स्पर्धा खेळतो, माझी डोप टेस्ट होऊ शकते." आम्ही ते सांगितले नव्हते, म्हणून चूक आमची. चिठ्ठी मिळाल्यावर औषधाचे दुकानी नाव पाहून थांबू नका, घटक वाचा. एकाच नावाच्या सिरपचे तीन प्रकार बाजारात असतात. नावापुढचे एखादे अक्षर बदलले की घटक बदलतो. घटक मिळाले की नाडाच्या 'नो युअर मेडिसिन' या अॅपमध्ये टाका, तुमचा खेळ निवडा, आणि उत्तराच्या पडद्याचा फोटो तारखेसह जपून ठेवा. नंतर वाद झाला तर तुम्ही काळजी घेतली होती याचा तो पुरावा असतो.

आपल्याकडच्या सवयींमुळे वारंवार पडणारे काही खड्डे मी मुद्दाम सविस्तर सांगतो. पहिला सलाईनचा. थकवा आला, ताप येऊन गेला, वजन उतरवून अंगातले त्राण गेले, की गावाकडे लगेच सलाईन लावण्याची पद्धत आहे. बारा तासांत १०० मिलीपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणे हे, त्यात नुसते मीठ-पाणी असले तरी, सदैव प्रतिबंधित आहे. अपवाद रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया आणि तपासण्या यांच्या ओघात दिलेल्या द्रवाचा. साधी बाटली ५०० मिलीची असते, हे लक्षात घेतले म्हणजे पाहुण्यांच्या ओळखीने कंपाउंडरने घरी येऊन लावलेल्या सलाईनचा अर्थ समजेल.

दुसरा खड्डा वजन तोडण्याचा. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंगमध्ये वजनाच्या आदल्या दिवशी 'पाणी काढणारी गोळी' म्हणून फ्युरोसेमाइड वाटले जाते. ते स्वतः ताकद वाढवत नाही, पण लघवी पातळ करून इतर द्रव्ये लपवू शकते, म्हणून सदैव प्रतिबंधित आहे.

तिसरा, "एक इंजेक्शन मारा, उद्या ठणठणीत." त्या इंजेक्शनात बहुधा डेक्सामेथासोनसारखे कॉर्टिकोस्टेरॉइड असते. स्पर्धेच्या दिवसांत ते कोणत्याही मार्गाने टोचून घेतलेले चालत नाही आणि काहींचा अंश शरीरात बराच काळ रेंगाळतो. प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांसाठी तीन दिवसांचे अंतर सुचवलेले आहे, तर ट्रायअमसिनोलोन स्नायूत टोचले असल्यास साठ दिवसांचे.

दम्याच्या पंपांत सगळे सारखे नाहीत. सालब्युटामॉलचा पंप २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही आठ तासांत ६०० मायक्रोग्रॅम या मर्यादेत चालतो. टर्ब्युटालिनला अशी सवलत नाही. सालब्युटामॉलचीच गोळी किंवा सिरपही चालत नाही. मधुमेहींचे इन्सुलिन, मूल होण्यासाठीच्या उपचारांतले क्लोमिफीन आणि लेट्रोझोल, हृदयरोग्यांचे ट्रायमेटाझिडीन हीसुद्धा यादीत आहेत.

५. पावडर, काढा, खुराक

डब्यावर 'शंभर टक्के शाकाहारी' लिहिलेले असो वा 'नैसर्गिक', पूरक आहाराची हमी कोणीही देत नाही, नाडा तर नाहीच नाही. एफएसएसएआय, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांनुसार अशा उत्पादनांत संप्रेरके किंवा स्टेरॉइड घालता येत नाहीत. परंतु नियम असणे आणि डब्यात काय आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेआधी आपले अनेक खेळाडू मेथिलहेक्झानामाइनसाठी दोषी आढळले होते, आणि हे द्रव्य 'जिरेनियम अर्क' अशा निरुपद्रवी नावाखाली पूरकांच्या लेबलवर येत असे. पुढच्याच वर्षी महिलांच्या चार गुणिले चारशे रिलेतल्या धावपटू स्टेरॉइडसाठी अडकल्या, तेव्हा परदेशी प्रशिक्षकाने आणलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांकडे बोट दाखवण्यात आले. शिक्षा मात्र धावपटूंना भोगावी लागली.

आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक, हा समज तालमींत घट्ट आहे. अग्नितुंडी वटी आणि विषतिंदुक वटी यांत कुचला असतो, कुचल्यात स्ट्रिकनीन असते, आणि स्ट्रिकनीन स्पर्धाकाळात प्रतिबंधित उत्तेजक आहे. वैद्यांचा यात दोष नाही, त्यांच्यासमोर वाडाची यादी नसते. दूध, बदाम, तूप, खारीक यांच्या पारंपरिक खुराकाला कोणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती त्यात 'ताकदीची पुडी' म्हणून ढवळल्या जाणाऱ्या लेबल नसलेल्या भुकटीला.

पूरक घ्यायचेच असेल, तर प्रत्येक बॅचची स्वतंत्र चाचणी झालेले निवडा, डब्यावरचा बॅच क्रमांक आणि बिल यांचा फोटो ठेवा, आणि डब्याच्या तळाशी चमचाभर पावडर शिल्लक ठेवून डबा जपून ठेवा. पुढे दूषित उत्पादनाचा बचाव घ्यायचा झाला, तर त्याच बॅचचा नमुना तपासायला द्यावा लागतो.

६. औषध गरजेचेच असेल तर : उपचारार्थ सूट

आजारासाठी प्रतिबंधित औषधच लागणार असेल, तर टीयूई या नावाची सूट मिळते. ती राष्ट्रीय स्तरावरच्या खेळाडूने नाडाकडून आणि आंतरराष्ट्रीय स्तरावरच्याने आपल्या खेळाच्या जागतिक महासंघाकडून घ्यायची असते. अर्ज स्पर्धेच्या किमान तीस दिवस आधी करावा. आजार निदानाने सिद्ध असणे, औषधाने आरोग्य पूर्ववत होण्यापलीकडे कामगिरी न वाढणे, यादीबाहेरचा योग्य पर्याय नसणे, आणि आधीच्या गैरवापरातून ही गरज उद्भवलेली नसणे, या चार अटी तपासल्या जातात.

मुलीला पुढच्या वर्षी दम्याचे निदान झाले आणि एका तीव्र झटक्यासाठी प्रेडनिसोलोन सुरू करावे लागले, तेव्हा मी स्वतः हा अर्ज भरला. पहिल्यांदा तो अपूर्ण म्हणून परत आला, कारण मी फक्त डॉक्टरांचे एका ओळीचे प्रमाणपत्र जोडले होते. दुसऱ्या वेळी पुढील कागद जोडले : डॉक्टरांनी भरून सही-शिक्का केलेला अर्जाचा भाग, आजाराचा मागचा इतिहास सांगणारे सविस्तर पत्र, पंप देण्याआधी आणि दिल्यानंतरच्या स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुफ्फुसांच्या क्षमतेच्या तपासणीचे, अहवाल, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, औषधाचे मूळ नाव, मात्रा, मार्ग आणि कालावधी लिहिलेली चिठ्ठी, आणि यादीबाहेरचे पर्याय का पुरले नाहीत याचे दोन वाक्यांचे स्पष्टीकरण. बहुतेक अर्ज त्या शेवटच्या दोन वाक्यांपाशी अडतात, कारण ती डॉक्टरांना कोणी लिहायला सांगतच नाही. पूर्ण अर्जावर साधारण एकवीस दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. जिवावरची वेळ असेल तर उपचार आधी करा. तातडीच्या प्रसंगी उपचारानंतर अर्ज करण्याची सोय आहे, तिथे वेळ दवडू नका, इतकेच. सूट मिळाली तरी तिच्यावर औषध, मात्रा आणि मुदत लिहिलेली असते. मुदत उलटली की सूट संपली.

७. नमुना देण्याचा दिवस

अधिकारी ओळखपत्र दाखवून सूचना देतात आणि त्या क्षणापासून तुम्ही देखरेखीखाली असता. पदक घेणे, अंग सैल करणे, पुढची शर्यत धावणे, उपचार घेणे, यासाठी उशिराची परवानगी मागता येते. देखरेख मात्र सुटत नाही. सोबत एक प्रतिनिधी नेण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि खेळाडू अठरा वर्षांखालचा असेल तर तो हक्क सोडूच नये. मूळ ओळखपत्र, सध्याच्या औषधांची यादी आणि टीयूईची प्रत एका प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये किटबॅगेत कायम असू द्या.

लघवी किमान ९० मिली लागते आणि ती त्याच लिंगाच्या अधिकाऱ्यासमोर द्यावी लागते. लहान मुलांना याचा मोठा धक्का बसतो, म्हणून घरी आधीच समजावून सांगा. भीतीने तांब्याभर पाणी प्यायले तर लघवी पातळ होते, ती ग्राह्य धरली जात नाही आणि पुन्हा बसावे लागते. आमच्या मुलीने पहिल्या वेळी असेच केले आणि संध्याकाळी पाचला संपलेल्या शर्यतीनंतर आम्ही रात्री साडेनऊला बाहेर पडलो. भांडे आणि बाटल्यांचा संच तुम्ही स्वतः निवडायचा, सील अखंड आहे का ते पाहायचे, ए आणि बी बाटल्यांवरचे क्रमांक फॉर्मवरच्या क्रमांकांशी ताडून पाहायचे. मागच्या सात दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी, पंप आणि पावडर फॉर्मवर लिहा, पॅरासिटामॉलसुद्धा. प्रक्रियेत काही खटकले तर हुज्जत न घालता शेऱ्याच्या जागेत लिहा, सही करा आणि तुमची प्रत घेतल्याशिवाय खोली सोडू नका.

नोंदणीकृत चाचणी गटात नाव असलेल्या मोजक्या खेळाडूंना रोजच्या ६० मिनिटांचा ठावठिकाणा आधी कळवावा लागतो, आणि बारा महिन्यांत तीनदा चूक झाली तर तोही नियमभंग ठरतो. नवख्यांना सहसा इतक्यात याची गरज पडत नाही.

८. नोटीस आलीच तर

२०२४ मध्ये नाडाने घेतलेल्या ७,११३ नमुन्यांपैकी २६० दोषी आढळले, म्हणजे ३.६ टक्के, तेव्हा अशी नोटीस येणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. ती आली की प्रथम तारीख पाहा, कारण पुढचे सगळे दिवस तिथून मोजले जातात. बी नमुना, म्हणजे त्याच वेळी सील केलेली दुसरी बाटली, उघडण्याची मागणी करायची का हे दिलेल्या मुदतीत कळवावे लागते. गंभीर गटातले द्रव्य असेल तर तात्पुरते निलंबन लगेच लागू होते. चार वर्षांच्या शिक्षेची नोटीस असेल आणि आरोप खरा असेल, तर वीस दिवसांत कबुली देऊन शिक्षा मान्य केल्यास एक वर्ष कमी होते. हा पर्याय क्लबमधल्या चर्चेत वाया घालवू नका. आरोप मान्य नसेल तर प्रकरण शिस्तपालन समितीपुढे जाते, तिच्या निकालावर अपील समितीकडे एकवीस दिवसांत दाद मागता येते, आणि आंतरराष्ट्रीय स्तरावरच्या खेळाडूला लोझानच्या क्रीडा लवादाचा मार्ग असतो. चिठ्ठ्या, बिले, अॅपचे फोटो आणि पावडरचा डबा यांचा खरा उपयोग इथे होतो.

बंदीच्या काळात संघटनेच्या स्पर्धांत खेळणे किंवा शिबिरात सराव करणे चालत नाही. शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा चतुर्थांश, यांत जो काळ कमी असेल त्यात संघासोबत सराव पुन्हा सुरू करता येतो.

९. परदेशी जाताना

शिकायला किंवा स्पर्धेला बाहेर जाणाऱ्यांनी तिथली दुकानाची वही वेगळी वाचावी. अमेरिकेत ॲनाबॉलिक स्टेरॉइड नियंत्रित पदार्थ आहेत आणि चिठ्ठीशिवाय नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये स्वतःपुरते बाळगणे गुन्हा नाही, पण मित्राला देणे हा गुन्हा आहे. जर्मनीत २०१५ पासून स्वतःला उत्तेजक देणाऱ्या अव्वल खेळाडूवरच फौजदारी खटला होऊ शकतो. इथून नेलेले नेहमीचे औषध मूळ वेष्टनात, चिठ्ठीच्या इंग्रजी प्रतीसह हातातल्या सामानात ठेवा, आणि तिथल्या दुकानातून त्याच नावाचे औषध घ्यायची वेळ आली तर घटक पुन्हा पहिल्यापासून वाचा, कारण एकाच दुकानी नावाखाली दोन देशांत वेगवेगळे घटक असू शकतात.